बांधाचा मान

आग्नेल लोपीस हा मोठा फुटबॉलपटू होता, असं आग्नेल लोपीसचं मत होतं. या मताला गावात दुसरा मतदार मिळाला नाही, ही गोष्ट वेगळी. बायको क्लेमेंटीन हिने लग्नाच्या आधी एकदा मान डोलावली होती, पण लग्नाच्या आधी माणूस कशालाही मान डोलावतो.

तो स्टॉपर होता. बचावफळीच्या मधोमध उभा राहून समोरून येणाऱ्याला अडवायचं, हे स्टॉपरचं काम. फॉरवर्डने गोल मारला की त्याला खांद्यावर घेतात, गोलकीपरने अडवला की त्याच्या नावाने शिट्ट्या वाजतात. स्टॉपरचं नाव मात्र लोकांना चूक झाल्यावरच आठवतं. आग्नेलचं नाव मुंबईच्या मैदानांवर बऱ्याच लोकांना आठवत असे.

ऑफिसांच्या संघांतून त्याने पंधराएक वर्षं काढली. कापडाची गिरणी झाली, रंगाची कंपनी झाली, पंख्यांची झाली, मग एक वाहतूकवाले झाले. कायम तो कुठेच झाला नाही. कोणाचा तरी गुडघा गेला की त्याच्या गावी, नंदाखालला निरोप यायचा आणि आग्नेल बुटांची पिशवी उचलून निघायचा. दुसऱ्यांच्या गुडघ्यांवर आपला संसार उभा आहे, असं क्लेमेंटीन म्हणायची. ती नर्स होती, त्यामुळे गुडघ्यांबद्दल ती अधिकाराने बोलायची.

त्यात नव्वदचं दशक आलं आणि मुंबईतल्या कंपन्यांना एकामागून एक शोध लागला की फुटबॉल न खेळताही रंग बनवता येतो. गिरणीचा आधी संघ बंद झाला, मग गिरणी. रंगवाल्यांनी नुसता संघ बंद केला आणि कंपनी ठेवली, ही त्यातल्या त्यात प्रगती. आग्नेल मात्र नव्या साहेबासमोर उभा राहून आपल्या टॅकलबद्दल सांगत राहिला. साहेब ऐकायचे, कारण टॅकलच्या सोबत सुकेळ्यांचा पुडा असायचा. आग्नेलची आई थेरेसाबाय राजेळी केळी उन्हात वाळवायची ती अशी, की साहेब लोक सुटीवर जातानाही आधी लोपीसची चौकशी करून जायचे. आग्नेलच्या कारकिर्दीत टॅकलचा वाटा किती आणि सुकेळ्यांचा किती, याबद्दल गावात दोन मतं नव्हती. ज्या वर्षी पाऊस लांबला आणि केळी धड वाळली नाहीत, त्याच वर्षी पंखेवाल्यांनी त्याचा करार वाढवला नाही. आग्नेल सांगतो, तेव्हा त्याचा घोटा दुखत होता.

एवढ्या सगळ्या संघांतून फिरून त्याने एकही कप जिंकला नाही. तो यायच्या आदल्या वर्षी संघाने कप जिंकलेला असायचा, नाहीतर तो गेल्यावर पुढच्या वर्षी जिंकायचा. तो असेपर्यंत संघ चांगली लढत द्यायचा. इतरांच्या घरी कपाटावर चषक असतात. आग्नेलच्या कपाटावर बक्षीस समारंभांचे फोटो होते, ज्यांत तो दुसऱ्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता.

दोन हजार साल उजाडता उजाडता शेवटच्या कंपनीनेही त्याला हार घालून घरी पाठवलं. मग त्याने कोचिंगचा कोर्स केला, निळा ट्रॅकसूट शिवून घेतला, गळ्यात शिट्टी अडकवली आणि गावातल्या आपल्याच बावखलआळीच्या संघाचा कोच झाला. पगार नव्हता. क्लेमेंटीनचा होता.

"शिट्टी काढून जेव," ती म्हणायची.

"कोचने कायम तयार राहावं लागतं."

"कशाला? वरण ऑफसाइड जाणाराय?"

आग्नेलला आता आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एक कप. ईस्टरनंतर आसपासच्या गावांची स्पर्धा भरायची, तो कप. फार मोठा नव्हता, पितळेचा होता आणि एक कान हलत होता, पण आग्नेलच्या मनात तो इतका भरला होता की मिस्साच्या वेळी फादरनी चषक वर उचलला तरी त्याला भलतंच काही आठवायचं आणि मग तो पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायचा.

संघ वाईट नव्हता. वाईट होती ती डावी बाजू, आणि तिला इलाज नव्हता, कारण तिथे मान उभा होता.

हा मान समजून घ्यायला हवा. बावखलआळीला मैदान नाही. भात कापून झालं की एका शेताचे मधले बांध फोडायचे, धसकटं उपटायची, फळी फिरवून जमीन सपाट करायची, चुन्याची फक्की मारायची, की झालं मैदान. पावसाळा जवळ आला की बांध पुन्हा घालून द्यायचे. शेतमालक याचं काही घेत नाही. फक्त त्याच्या घरचा एक माणूस संघात खेळतो. तीन नंबरची जर्सी त्या घराची. याला बांधाचा मान म्हणतात. जत्रेत पहिला नारळ कोणाचा, पालखीला पहिला खांदा कोणाचा, हे जसं ठरलेलं असतं, तसंच हे. मानाच्या माणसाला खेळता येतं का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. नारळ फोडणाऱ्याची कोणी परीक्षा घेतो का?

शेत विलास चुरीचं होतं. विलास आग्नेलच्याच वयाचा, म्हणजे चाळिशी ओलांडलेला, फुलांचा आणि केळीच्या पानांचा धंदा करणारा, आणि पोटाने संपन्न. त्याला दोन मुली, त्याही लग्न होऊन विरारला फ्लॅटमध्ये गेलेल्या. भाऊ नाही, पुतण्या नाही. तेव्हा घरातर्फे खेळायला उरला कोण, तर स्वतः विलास. तीन नंबरच्या एका जर्सीत तो मावत नव्हता, म्हणून शिंप्याने दोन जर्सी उसवून एक केली होती. ती घालून तो लेफ्ट बॅकच्या जागी उभा राहायचा. शेजारच्या वटार गावाची पोरं गोल मारायला त्याच बाजूने जायची आणि जाता जाता "काका, येतो हां," म्हणून जायची. तोही हात वर करून "या," म्हणायचा. मॅच संपल्यावर घामाने चिंब होऊन तो आग्नेलला विचारायचा, "आज बरा खेळलो ना रे?" आणि आग्नेल दात आवळून म्हणायचा, "चांगली लढत दिलीस."

सलग तीन वर्षं बावखलआळी फायनलला गेली आणि सलग तीन वर्षं डाव्या बाजूने हरली. चौथ्या वर्षी, म्हणजे दोन हजार चार साली, आग्नेलने ठरवलं की आता बस्स.

आधी त्याने गोडीगुलाबीने घेतलं. विलासला संघाचा मानद अध्यक्ष करायचा, सीमारेषेला छत्री लावून खुर्ची द्यायची, बक्षीस त्याच्या हस्ते द्यायचं, असा बेत त्याने त्याच्यापुढे मांडला. विलास ओट्यावर बसून पानांच्या जुड्या बांधत होता.

"खुर्ची कशाला?" तो म्हणाला. "खुर्च्या हायेत घरात."

"अरे, मानाची खुर्ची."

"मान खेळायचा हाय. बसायचा नाय."

मग आग्नेलने वेगळी वाट धरली. विलासच्या बायकोला, विनिताला गाठून त्याने हृदयविकाराची लक्षणं सांगितली. ती तोंडाला पदर लावून हसली आणि म्हणाली, "भावोजी, बाकी सगळं त्यांना सांगून बघितलंय. खेळणं सोडा एवढं सांगू नका. तेवढंच एक मागतात."

तेव्हा आग्नेलने कोर्सात शिकलेलं अस्त्र बाहेर काढलं. रविवारच्या मिस्सानंतर देवळाबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, लोक एकमेकांची विचारपूस करत उभे असताना, त्याने शिट्टी फुंकली आणि जाहीर केलं की यंदापासून संघात यायचं तर दौडीची परीक्षा. बारा मिनिटं धावायचं, मैदानाला ठरलेले फेरे झाले पाहिजेत. झाले तर आत, नाहीतर बाहेर. सगळ्यांना नियम सारखा. "आता जगात असंच चालतं," तो म्हणाला. जगाचं नाव काढल्यावर संघाच्या कमिटीतल्या म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या. मान काढून घेतला असं कोणी म्हणू शकत नव्हतं, कारण मान जागेवरच होता. फक्त तो धावायचा होता.

दुसऱ्या दिवसापासून विलास पहाटे नंदाखाल ते वटार रस्त्यावर धावताना दिसू लागला. वाड्यांतून पाणी सोडायला निघालेले लोक कडेला थांबून बघायचे. डोक्याला टॉवेल, अंगात ती दुहेरी जर्सी, पायात मुलीने जुने म्हणून टाकून दिलेले पांढरे बूट. महिनाभर त्याने पाव सोडला, भात अर्धा केला. पोट थोडं आत गेलं. आग्नेलने हे बघितलं आणि त्याला कौतुक वाटायच्या ऐवजी धास्ती वाटली. त्याने ठरलेल्या फेऱ्यांत गुपचूप एक वाढवला. जगात असंही चालतं.

परीक्षेच्या दिवशी बांधावर ही गर्दी. पोरं सहज धावून गेली. विरारच्या कॉम्प्लेक्समधून खेळायला येणारा प्रणव तर फेरे संपवून वर आणखी एक मारून आला, हौस म्हणून. मग विलास उतरला. स्वतःच्याच शेताला प्रदक्षिणा घालणारा तो एकटाच. पहिले फेरे बरे गेले. नंतर तोंड उघडं पडलं, मग हात लोंबू लागले, पण तो थांबला नाही. बांधावरचे लोक आधी हसत होते. हळूहळू हसणं थांबलं आणि बायका "चला भावोजी, चला," म्हणू लागल्या. आग्नेल घड्याळाकडे बघत होता, कारण माणसाकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं. बारा मिनिटं झाल्यावर त्याने शिट्टी मारली.

विलास होता तिथेच गुडघ्यांवर बसला. बऱ्याच वेळाने त्याला बोलता आलं.

"किती रायलं?"

"अर्धा फेरा."

"अर्ध्याने काय होतं रे?"

"नियम आहे, विलास."

विलासने मान वर केली. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "तुझ्या पप्पांचं शेत होतं हे," तो म्हणाला, "तेव्हा तुझी कोणी दौड घेतलेली?"

लोक ऐकत होते. आग्नेलला ते आवडलं नाही. हे शेत पूर्वी लोपीसांचं होतं, ही खरी गोष्ट होती. बहीण रिटाच्या लग्नात ते विकलं गेलं आणि विलासच्या बापाने, पांडुरंग चुरीने घेतलं. त्याआधी चार हंगाम बावखलआळीची तीन नंबरची जर्सी आग्नेलकडे होती, हीही खरी गोष्ट. पण त्याच्या मते तो निव्वळ योगायोग होता. शेत नसतं तरी त्याला संघात घेतलंच असतं.

"मी खेळायचो, विलास," तो म्हणाला.

"खेळायचास ना. आम्ही बांधावर बसून बघायचो." आणि विलास हसला. ते हसणं वाईट नव्हतं, हीच अडचण होती.

त्या रात्री जेवताना आग्नेलने शिट्टी आपणहून काढून ठेवली. क्लेमेंटीनने वर बघितलं.

"मी तेव्हा मानावर होतो का गं?" त्याने विचारलं.

"तू छान उभा राहायचास," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे छान. ताठ."

"पण मुंबईवाल्यांनी घेतलंच ना मला? त्यांना काय शेत हवं होतं?"

"छे," क्लेमेंटीन त्याच्या ताटात मासा वाढत म्हणाली. "त्यांना सुकेळी हवी होती."

मग तिला त्याचा चेहरा दिसला आणि आपण बोललो ते जास्त झालं असं वाटलं असावं, कारण तिने आपल्या वाटणीचा तुकडाही त्याला वाढला. आग्नेलने दोन्ही खाल्ले. माशावर राग काढण्यात अर्थ नव्हता. पण ठरलेलं बदलायचंही त्याच्या मनात आलं नाही. उलट आता कप पाहिजेच होता. कप हातात आला की कोण कशावर होता, हे विचारायची कोणाची छाती झाली नसती.

फायनल वटारशीच झाली. तीन नंबरची जर्सी प्रणवला दिली. त्याला आख्खी आळी ओळखत नव्हती आणि मान म्हणजे काय हे त्याच्या गावीही नव्हतं, पण तो असा काही धावला की वटारच्या विंगरला डावीकडे वाटच मिळेना. सवयीने तो तिकडेच घुसायचा आणि बॉल हरवून परत यायचा. शेवटच्या पाच मिनिटांत कॉर्नरवरून बॉल कोणाच्या तरी पाठीला लागून आत गेला आणि एक-शून्यने बावखलआळी जिंकली. कोणाच्या पाठीला लागून, यावर अजून वाद आहे. आग्नेल म्हणतो, ती डावपेचाची पाठ होती.

बँडवाल्यांनी मिरवणूक काढली. आग्नेलने कप डोक्यावर धरला तेव्हा हलणारा कान निसटून खाली पडला, तो कोणीतरी शोधून खिशात टाकला. फटाके वाजले, फादरनी पाठ थोपटली, थेरेसाबाय रडली. विलास बांधावर उभा होता. घरच्या कपड्यांत, हाफ पँट न घालता, केस विंचरून. तोही टाळ्या वाजवत होता. आग्नेलने त्याला बघितलं आणि त्याला कपाटावरचे आपले फोटो आठवले, पण बँड जोरात होता, आणि बँडमध्ये माणूस फार वेळ काही आठवू शकत नाही.

पंधरा दिवसांनी क्लेमेंटीन बाजारातून आली ती पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "विलासने शेत दिलं."

"कोणाला दिलं?"

"विरारच्या हर्षवर्धन शेठला. लग्नाचं लॉन होणाराय. हिरवळ लावणार, कारंजं लावणार, हजार पान उठेल अशी सोय."

आग्नेल पायात चपला सरकवून तसाच निघाला. वाटेत त्याने मनात भाषण तयार केलं. त्यात आळीचं भवितव्य होतं, पोरांचं भवितव्य होतं आणि फुटबॉलचा वारसा होता. विलास घरी नव्हता. विनिताने पाणी आणून दिलं, आणि भाषणाला सुरुवात करायच्या आधीच ती बोलू लागली.

"चार वर्षं तो शेठ येतोय, भावोजी. मी म्हणायचे विका, मुली म्हणायच्या विका. शेती परवडत नाय, करायला माणूस मिळत नाय, तुमचं वय झालं. यांचं एकच उत्तर. 'मग मी खेळू कुठे?' आता याच्यावर काय बोलणार? आम्ही हसायचो आणि विषय संपायचा. शेठ पण हसून परत जायचा. ह्या वेळी शेठ आला तेव्हा मी वाट बघत होते, हे आता बोलतील. तर काय बोललेच नाय. आत गेले आणि कागद काढून आणले."

आग्नेलच्या भाषणातलं एकही वाक्य आता कामाचं राहिलं नव्हतं. गावात शिकलेले लोक होते, हरित पट्ट्यासाठी मोर्चे काढणारे होते, देवळात भूमीबद्दल प्रवचन देणारे होते. आणि इतकी वर्षं एक आख्खं शेत लॉनपासून वाचवून धरलं होतं ते एका पोट सुटलेल्या लेफ्ट बॅकने, निव्वळ आपल्याला खेळायला मिळावं म्हणून. त्याला आग्नेलने अर्ध्या फेऱ्यासाठी घरी बसवलं होतं. तोही अर्धा फेरा त्याने स्वतः वाढवलेल्या फेऱ्यातला. आग्नेलला अतिशय लाज वाटली. तो पाणी न पिताच उठला, मग ते बरं दिसणार नाही म्हणून परत बसून प्यायला.

शेठ उदार माणूस निघाला. पावसाआधी काम सुरू होणार नव्हतं, तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस एक शेवटची मॅच खेळा म्हणाला. कमिटीच्या म्हाताऱ्यांपुढे मोठा धर्मप्रश्न उभा राहिला. शेत आता शेठचं, म्हणजे बांधाचा मानही शेठचा. रीतसर दोन माणसं विरारला पाठवून शेठला तीन नंबरच्या जर्सीचं आमंत्रण दिलं गेलं. शेठने सगळं नीट ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, मला यातलं काही कळत नाही, तुम्हाला हवा तो माणूस घ्या. बांधाचा मान सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच मालकाने आपणहून ती जर्सी मोकळी केली होती.

आग्नेलने दुहेरी जर्सी घडी करून काखोटीला मारली आणि विलासच्या घरी गेला. विलास ओट्यावरच होता. बाजूला जुड्या नव्हत्या.

"रविवारी मॅच आहे," आग्नेल म्हणाला. "तू खेळतोयस."

"माझं शेत नाय आता."

"माहीत आहे."

"मग कशाच्या मानाने खेळू?"

"कशाच्याच नाही. मी कोच आहे. मी तुला निवडलंय."

"मला खेळता येत नाय, आग्नेल. तुला ठाऊक हाय."

"ठाऊक आहे." मग आग्नेल त्याच्या शेजारी बसला. कोर्सात हे शिकवलेलं नव्हतं. "त्या दिवशी दौडीत एक फेरा मी जास्त लावलेला. तुझ्यासाठी. तू खरं म्हणजे पास होतास."

आग्नेलला वाटलं, आता हा उठून आपल्याला मारणार, आणि मारलं तर बरं होईल. विलासने जर्सी मांडीवर घेतली, शिवण बोटाने चाचपली.

"कुठे खेळू?" त्याने विचारलं.

"कुठे म्हणजे? लेफ्ट बॅक."

"जर्सी तीन नंबरची, म्हणून मी लेफ्ट बॅक. तुझ्यानंतर आली तशी अंगात घातली." विलास खाली बघूनच बोलत होता. "मला पुढे खेळायचं होतं रे. सेंटर फॉरवर्ड."

"इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"मानाच्या माणसाने मागायचं असतं काय?"

आग्नेलने आयुष्यभर डावपेच आखले होते, त्यातला एकही या प्रश्नाला लागू पडत नव्हता. तो म्हणाला, "मग हो सेंटर फॉरवर्ड. डावीकडे मी बघतो."

रविवारी वटारच्या पोरांना काही कळेना. नेहमीचे काका समोर, त्यांच्याच गोलसमोर येऊन उभे. "काका, इकडे कुठे?" एकाने विचारलं. विलास म्हणाला, "आता मी येतो." डाव्या बाजूला निळ्या ट्रॅकसूटमध्ये आग्नेल होता, शिट्टी क्लेमेंटीनकडे देऊन आलेला. मैदानाच्या एका कोपऱ्यात शेठच्या माणसांनी खुंट्या ठोकून सुतळी बांधली होती. तिथे कारंजं येणार होतं.

विलास मिनिटामिनिटाला ऑफसाइड होत होता. बॉल येण्याआधीच तो पुढे जाऊन वाट बघायचा. लाइन्समनचा हात दुखायला आला. वटारने दोन गोल केले, दोन्ही डावीकडून, कारण चाळिशीत आग्नेलही काही वाऱ्याशी बोलत नव्हता. बांधावर सगळी आळी बसली होती, आणि कोणी कोणाला हसत नव्हतं, किंवा सगळे सगळ्यांनाच हसत होते.

शेवटी शेवटी आग्नेलच्या पायात बॉल आला. समोर वटारचा विंगर धावून येत होता. अशा वेळी आग्नेलने आयुष्यभर एकच केलं होतं, दिसेल तिकडे बॉल तडकावून द्यायचा आणि संकट टाळायचं. आज त्याने मान वर करून बघितलं. लांब, विंगरच्याही पलीकडे, ती दुहेरी जर्सी हात हलवत होती. त्याने बॉल उचलून दिला. तो पोरांच्या डोक्यांवरून गेला, उतरला, एक टप्पा खाऊन विलासच्या पुढ्यात आला. विलासने डोळे मिटून लाथ मारली आणि बॉल जाळ्यात गेला.

निशाण वर होतं. आग्नेलने ते पाहिलं होतं. आयुष्यभर ऑफसाइडसाठी ओरडणाऱ्या त्या माणसाने त्या क्षणी मनापासून देवाला विनवलं की तो हात खाली येऊ दे. आला नाही. विलास दोन्ही हात पसरून अर्ध्या मैदानापर्यंत धावत आला, तेव्हा कुठे त्याला रेफ्रीची शिट्टी ऐकू आली. त्याने वळून निशाणाकडे बघितलं. मग तो धापा टाकत आग्नेलकडे वळला.

"पास चांगला होता रे," तो म्हणाला.

आग्नेलला हे वाक्य आजवर कोणी म्हटलं नव्हतं. गिरणीत नाही, रंगाच्या कंपनीत नाही, घरी नाही. त्याला काहीतरी उत्तर द्यायचं होतं, पण समोरचं सगळं शेत धूसर दिसू लागलं. तेवढ्यात वटारच्या पोरांनी फ्री किक घेऊन टाकली, आणि विंगर "काका, येतो हां," म्हणून त्याच्या शेजारून निघून गेला, ते त्याला तिसरा गोल झाल्यावर कळलं.